स्पीडवे मोटरसायकल : बांधणी आणि जुळणी

मातीच्या लंबगोल धावपट्टीवर, कायम डावीकडे वळत, चार फेऱ्यांची शर्यत मारण्यासाठीच बनवलेली मोटरसायकल. तिला ५०० सीसीचे एक-सिलिंडर, चार-स्ट्रोक इंजिन असते; इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. धावपट्टीची लांबी २६० ते ४२५ मीटर. एका वेळी चार स्वार सुटतात आणि शर्यत साधारण मिनिटभरात आटोपते. आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या नियमानुसार गाडीचे वजन इंधन सोडून किमान ७७ किलो भरावे लागते, तर इंजिनाची ताकद ७० अश्वशक्तीच्या पुढे जाते.

दिसायला गाडी अगदी साधी आहे: एक सांगाडा, त्यात इंजिन, दोन चाके, दोन चेन. म्हणूनच तिची जुळणी अवघड ठरते. धावताना स्वाराला गिअर बदलता येत नाही, ब्रेक दाबता येत नाही, आणि मागे शॉकअब्सॉर्बर नसल्यामुळे खड्डा सांभाळून घेणारे काही नसते. मागचे चाक मातीला किती धरेल, या एकाच प्रश्नाभोवती सगळे कसब फिरते, आणि त्याचे बहुतेक उत्तर सुरुवातीच्या फिती वर उडण्याआधी पिटमध्येच द्यावे लागते.

इंजिनांची परंपरा. या खेळाचा आरंभ बहुतेक इतिहासकार १९२३ साली ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंड येथे झालेल्या शर्यतींपासून धरतात. ब्रिटनमध्ये तो फेब्रुवारी १९२८ मध्ये लंडनजवळच्या हाय बीच येथे पोहोचला. पहिली दोन-तीन वर्षे आडव्या जुळ्या सिलिंडरची डग्लस गाडी पुढे होती. ती लांब आणि ठेंगणी, त्यामुळे स्वार डावा पाय मागे फरफटत ठेवून लांबलचक घसरत वळण घेत. १९३०च्या सुमारास लंडनच्या जे. ए. प्रेस्टविच कंपनीचे ‘जॅप’ इंजिन आले आणि चित्र पालटले. आखूड, हलकी गाडी आणि पुढे टाकलेला डावा पाय, ही आजची बैठक त्याच काळात रुळली. जॅपचे राज्य सुमारे तीन दशके टिकले. पुढे चेकोस्लोव्हाकियातील दिवीशोव्ह गावच्या ‘एसो’ कारखान्याने त्याला मागे टाकले, आणि १९६०च्या दशकात हा कारखाना जावामध्ये विलीन झाला. ब्रिटनच्या वेस्लेकने चार व्हॉल्व्हचे इंजिन आणले. १९७६ मध्ये पीटर कॉलिन्सने पोलंडमधील खोझुफ येथे त्यावरच जगज्जेतेपद मिळवले. १९८०च्या दशकापासून इटलीच्या जुझेप्पे मार्झोत्तो यांचे ‘जीएम’ इंजिन जावाच्या बरोबरीने, आणि पुढे तिच्याही वर, गणले जाऊ लागले. १९९०च्या दशकात सिलिंडर उभा न ठेवता पुढे जवळजवळ आडवा झोपवण्याची पद्धत आली. त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला आणि सांगाड्याची मापे नव्याने बसवावी लागली.

भारतात हा खेळ रुजला नाही. जावा हे नाव मात्र म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यामुळे महाराष्ट्रातही घरोघरी पोहोचले. रस्त्यावरची ती दोन-स्ट्रोक गाडी आणि दिवीशोव्हची शर्यतीची गाडी यांच्यात नावाखेरीज साम्य फार थोडे. पुण्यात २०२४ मध्ये भरलेल्या सुपरक्रॉससारख्या मातीवरच्या शर्यतींतही उड्या, गिअर आणि ब्रेक असतात. स्पीडवेचे तंत्र त्याहून पुरते वेगळे आहे.

घसरण्याचे गणित. वळणावर स्वार रेस कमी करत नाही, उलट देतो. मागचे चाक मातीवर जागेवर फिरू लागते आणि बाहेरच्या बाजूला सरकते; गाडी डावीकडे वळत असताना हँडल उजवीकडे वळवलेले असते. हे आडवे घासत जाणेच वेग कमी करते. म्हणजे ज्या मुठीने गाडी पळते त्याच मुठीने ती थोपवलीही जाते. ब्रेकवरची बंदीही याला धरूनच आहे: चौघे हातभर अंतरावर घसरत असताना पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागच्याला निसटायला जागा उरणार नाही. सर्वांत घातक चूक म्हणजे घसरणीच्या मध्येच मूठ सोडणे. चाक एकाएकी माती धरते, गाडी झटका देऊन उभी होते आणि स्वार उजवीकडे फेकला जातो.

सांगाडा, पुढचा फोर्क आणि चाके या सगळ्यांची घडण याच घसरणीसाठी झाली आहे. पुढचे चाक २३ इंचांचे आणि अरुंद, मागचे १९ इंचांचे आणि रुंद. पुढच्या फोर्कला रबरी पट्ट्यांवर किंवा स्प्रिंगवर तोललेली थोडीशी हालचाल दिलेली असते. मागे काहीच नाही. सांगाड्याच्या नळ्या जेवढ्या लवतात तेवढाच दिलासा. म्हणून इंजिन धरणाऱ्या पट्ट्या किती ताठ आणि कुठे सैल, याचाही अनुभवी मेकॅनिक विचार करतात. डाव्या बुटाखाली पोलादी तळवा बांधतात, तो वळणावर मातीवरून सरकत राहतो.

इंधन. मिथेनॉलला पेट्रोलपेक्षा फार कमी हवा लागते: एक भाग इंधनाला हवेचे सुमारे साडेसहा भाग, तर पेट्रोलला पंधराच्या आसपास. त्यामुळे कार्ब्युरेटरचे जेट मोठे असतात आणि इंधन दुपटीहून अधिक जळते. मोबदल्यात दोन गोष्टी मिळतात. बाष्प होताना मिथेनॉल पुष्कळ उष्णता शोषते, म्हणून इंजिन आतून थंड राहते. आणि ते ठोके न देता मोठा दाब सोसते, त्यामुळे कॉम्प्रेशन १४ला १च्या आसपास किंवा त्याहून वर नेता येते. कार्ब्युरेटरच्या घशाचा व्यास मात्र नियमाने ३४ मिलिमीटरवर रोखलेला आहे. संध्याकाळी हवा गार आणि दाट झाली की दुपारी नेमके बसवलेले जेट अपुरे पडू लागते. हे इंधन विषारी असून त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. पिटमधल्या शिस्तीत ही बाब सर्वांत वर यायला हवी. वंगणासाठी पूर्वापार एरंडेल तेल वापरले जाई. स्पीडवेच्या मैदानाचा म्हणून जो वास जुने प्रेक्षक सांगतात तो त्याच तेलाचा.

क्लच आणि सुरुवात. शर्यतीचा निकाल पुष्कळदा पहिल्या वळणापर्यंतच्या काही सेकंदांत लागतो, कारण पुढे गेलेल्याची माती मागच्याच्या तोंडावर येते. क्लच कोरडा, अनेक प्लेटांचा असतो. फितीपाशी स्वार इंजिन गरगरते ठेवून लिव्हर बोटांवर तोलून धरतो आणि फीत हलताच सोडतो. प्लेटा एकदम धरल्या तर पुढचे चाक उचलते. फार वेळ घसरल्या तर गाडी जागीच भुणभुणत राहते. स्प्रिंगांचा दाब सगळीकडे सारखा आहे का, प्लेटा सपाट आहेत का, तापल्यावर लिव्हरचा खेळ किती बदलला, हे मेकॅनिक दर शर्यतीनंतर पाहतो. क्लच नीट नसेल तर वरच्या दर्जाच्या इंजिनाचाही उपयोग होत नाही.

गिअरिंग आणि मागचे चाक. गिअर एकच असला तरी तो कोणता, हे दात मोजून ठरते. मागचे स्प्रॉकेट काही मिनिटांत बदलता येते आणि पिटमध्ये ती ओळीने टांगलेली दिसतात. ५८ दातांच्या जागी ५९ दातांचे लावले तर गुणोत्तर सुमारे १.७ टक्क्यांनी बदलते. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांवर हा फरक १७० फेऱ्यांचा. ऐकायला किरकोळ, पण चाक माती धरते की नुसते फिरते याच्या सीमारेषेवर तेवढ्याने पारडे फिरते. माती खोल, ओलसर असेल तर इंजिनावर भार येतो, म्हणून दात वाढवतात. धावपट्टी घासून गुळगुळीत झाली की दात कमी करतात, म्हणजे चाक उगाच फिरत नाही. त्याच हेतूने इग्निशनचे टायमिंगही थोडे मागे घेऊन ताकद सौम्य करता येते.

मागच्या चाकाचा आस खाचेत पुढे-मागे सरकतो. चाक पुढे घेतले की वजन त्याच्यावर अधिक येते आणि पकड वाढते, पण पुढचे चाक उचलण्याची ओढही वाढते. मागे घेतले की गाडी शांत होते. टायरमध्ये हवा अगदी कमी ठेवतात, त्यामुळे टायर रिमवर फिरू नये म्हणून तो लॉकने आवळलेला असतो. सतत डावीकडेच वळल्याने त्याच्या ठोकळ्यांच्या एकाच बाजूच्या कडा गोल होतात. अशा वेळी टायर उलटवून दुसऱ्या बाजूच्या धारदार कडा कामाला लावतात.

धावपट्टी वाचणे. ब्रिटनमध्ये लालसर शेल, तर इतरत्र ग्रॅनाइटचा वा तत्सम दगडाचा चुरा पसरतात. काही शर्यती झाल्या की ट्रॅक्टर फिरतो, पाणी मारले जाते आणि धावपट्टी पुन्हा निराळी होते. आतली कड लवकर घासते, सुटी माती बाहेरच्या कुंपणाकडे साचते. एका संध्याकाळी स्वाराला चारही जागांवरून सुटावे लागते, त्यामुळे आतल्या जागेला जी जुळणी शोभते ती बाहेरच्या जागेला चालेलच असे नाही. कार्डिफच्या बंदिस्त स्टेडियममध्ये २०२४पर्यंत तात्पुरती घातली जाणारी माती आणि डेन्मार्कमधील व्होयेन्सची कायमची धावपट्टी यांच्यासाठी एकच इंजिन वेगवेगळे बसवावे लागे. या कामात यंत्रापेक्षा डोळ्याला महत्त्व आहे. स्वाराने परत येऊन ‘गाडी मध्यावर ओढत नव्हती’ एवढे सांगितल्यावर त्यातून स्प्रॉकेट, जेट की टायर, हे ओळखणारा मेकॅनिक अव्वल दर्जाचा. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याला नेमके काय लागू पडले ते कधीच कळत नाही.

नियम आणि सुरक्षितता. स्वाराच्या मनगटाला बांधलेली दोरी तो पडताच इग्निशन तोडते. मागच्या चाकामागे माती अडवणारा पडदा सक्तीचा आहे. आवाज कमी करण्यासाठी २०११च्या सुमारास नवे सायलेन्सर लागू झाले, तेव्हा अनेक नामांकित स्वारांनी विरोध केला: ताकद अचानक येते, गाडी वळणावर अंदाजात राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ती तक्रार रास्तच मानायला हवी. ज्या गाडीत मूठ हाच ब्रेक आहे, तिथे मुठीचा प्रतिसाद बदलणे म्हणजे ब्रेक बदलण्यासारखेच आहे.

देखभाल. मिथेनॉल ओलावा ओढून घेते आणि अॅल्युमिनियमचे भाग खाते. म्हणून सामना संपला की टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर आणि इंजिन थोड्या पेट्रोलवर धुऊन काढतात. प्राथमिक चेन, स्प्रॉकेटचे दात, सांगाड्याचे वेल्डिंग आणि फोर्कचे सांधे यांची तपासणी दर वेळी होते. तडा बहुधा वेल्डच्या कडेला पडतो. व्हॉल्व्ह, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड ठरावीक शर्यतींनंतर बदलण्यासाठी इंजिन ट्यूनरकडे जाते. पोलंडचे रिशार्ड कोवाल्स्की, डेन्मार्कचे फ्लेमिंग ग्रावेर्सन, इंग्लंडचे पीटर जॉन्स ही नावे या वर्तुळात स्वारांच्या बरोबरीने घेतली जातात. आघाडीचे स्वार एकाहून अधिक इंजिने जवळ बाळगतात: एखादे गुळगुळीत धावपट्टीसाठी मवाळ केलेले, एखादे जड मातीसाठी तेज, आणि कोणते कोणत्या संध्याकाळी बसवायचे हे सरावाच्या फेऱ्यांवरून ठरवतात.