राक्षसाचा रंग कोणता?

प्रथम वर्षाच्या वर्गात 'राक्षस' या शब्दाचे वर्णन करावयास सांगितले, की उत्तरे ठरलेली येतात : काळा रंग, जाड ओठ, सुळे, अवाढव्य देह. ज्यांचा स्वतःचा वर्ण सावळा आहे, ते विद्यार्थीही हेच वर्णन निःशंकपणे करतात. हे चित्र कोठून आले, असे विचारले की वर्ग गप्प होतो. या मौनाचा इतिहास शोधण्याचा हा लहानसा प्रयत्न.

अनंत पै यांनी 1967 मध्ये मुंबईत 'अमर चित्र कथा' सुरू केली. दिल्लीतील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणकथा ठाऊक होत्या, पण रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, हा प्रसंग त्यांनी त्यामागील प्रेरणा म्हणून सांगितला आहे. हेतू आत्मसन्मानाचाच होता. आमची पिढी या पुस्तकांवर वाढली, आणि त्यांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु वसाहतीने हिरावलेला सन्मान मुलांना परत देणाऱ्या या चित्रांनी तो सर्वांना सारखा वाटला काय? नायक-नायिका बहुधा गौरवर्णी व रेखीव, तर असुर व रानातली माणसे काळपट आणि बेढब, ही विभागणी त्यांत वारंवार दिसते. मजकूर विसरला जातो. रंग मात्र नेणिवेत मुरतो.

हा रंग मुलाच्या मनात काय करतो, याचा एक प्रसिद्ध शोध अमेरिकेत घेतला गेला. केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे केवळ वर्णाने भिन्न अशा बाहुल्या ठेवल्या. 1947 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात 253 मुलांची उत्तरे आहेत. बहुसंख्य मुलांना गोरी बाहुली 'चांगली' वाटली. 'तुझ्यासारखी कोणती?' या प्रश्नावर काही मुले रडली. 1954 च्या 'ब्राउन' खटल्यात शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या संशोधनाचा आधार घेतला. तथापि, उत्तरेकडील मिश्र शाळांतील मुलांतही गोऱ्या बाहुलीची ओढ आढळलीच होती. म्हणजे दोष केवळ शाळेच्या भिंतींत नव्हता. तो मुलाभोवतीच्या साऱ्या प्रतिमासृष्टीत होता.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. क्लार्क यांच्या निबंधापूर्वी 74 वर्षे, 1873 मध्ये, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकी सज्जनांस अर्पण केली. धोंडिबाशी झालेल्या संवादातून त्यांनी एकेक अवतारकथा उलटून वाचली. राक्षस म्हणजे भूमीचे रक्षक, आणि बळी म्हणजे प्रजेचा न्यायी राजा. फुल्यांची व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिको वा न टिको. कथेतील खलनायकाच्या जागी स्वतःला पाहणाऱ्या समाजाचे दुःख त्यांनी अचूक ओळखले होते. 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणणाऱ्या आयाबायांनी तर ते पुस्तकाआधीच ओळखले होते.

पुढे चित्रे बदललीच नाहीत, असे नाही. 'अमर चित्र कथे'ने 1979 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांवर अंक काढला. 2011 मध्ये दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी 'भीमायन'मध्ये चौकटीच मोडल्या. तेथे सौम्य बोल पक्ष्याच्या आकारात येतात, तर जातीचे विष ओकणारे बोल विंचवाच्या नांगीसह. दुष्टपणा कातडीतून काढून वाणीत ठेवण्याचा हा बदल आम्हांस फार मोलाचा वाटतो. उलट, 2008 पासून घरोघरी पोहोचलेल्या 'छोटा भीम'मध्ये भीमाचा मत्सर करणाऱ्या धिप्पाड मुलाचे नाव 'कालिया'च आहे.

एका व्यंगचित्रमालिकेने मुलाचे मन घडते वा बिघडते, इतके सरळ समीकरण आम्ही मांडीत नाही. घर, गल्ली, विवाहाच्या जाहिराती हे सारेच त्यात सामील असतात. पण साहित्याच्या अध्यापकाच्या हाती एक गोष्ट निश्चित आहे : पुराणकथा शिकविताना कथेबरोबर तिचे चित्रही वाचावयास लावणे. ज्या विद्यार्थ्याने राक्षसाचे वर्णन करताना नकळत स्वतःचेच वर्णन केले, त्याला ते वाक्य पुन्हा एकदा, शांतपणे, तपासण्याची संधी मिळाली पाहिजे.