वळणावरचे भोवरे

पेल्यातील चहा चमच्याने ढवळून सोडला म्हणजे तळाची पत्ती कडेला न जाता मध्यभागी गोळा होते. १९२६ साली आइन्स्टाइनने या क्षुल्लक दृश्यावरून नद्यांच्या वळणांचे कोडे उलगडून दाखविले. पण तीच गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी, १८७६ साली, लॉर्ड केल्व्हिनचे वडील बंधू जेम्स टॉमसन यांनी सांगितली होती. तळाचे पाणी घर्षणामुळे मंदावलेले असते. म्हणून वळणावरचा दाब त्याला आतल्या काठाकडे ढकलतो आणि वरचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे सरकते.

नदीचे हे वर्तन नळीतही दिसते. इंग्लंडमध्ये जॉन यूस्टिस यांनी वाकलेल्या काचेच्या नळ्यांत रंगीत पाण्याच्या बारीक धारा सोडल्या आणि त्या वळणावर कशा आडव्या ओढल्या जातात ते १९११ साली प्रसिद्ध केले. १९२७ मध्ये डब्ल्यू. आर. डीन यांनी या आडव्या प्रवाहाचे गणित मांडले. नळी वाकली की तेथे एकमेकांविरुद्ध फिरणाऱ्या भोवऱ्यांची जोडी असतेच. तिला कसल्याही उंबरठ्याची गरज नसते.

डीन यांचा १९२८ चा निबंध मात्र वेगळ्याच घटनेविषयी होता, आणि या दोहोंची गल्लत आजही होते. त्यांनी दोन समांतर वक्र भिंतींमधून वाहणारा प्रवाह घेतला. मध्यभागी वेग सर्वाधिक, भिंतींपाशी शून्य. मध्यापासून बाहेरच्या भिंतीकडे जावे तसा वेग घटतो. तेव्हा मधले वेगवान पाणी जरा बाहेर सरकले, तर तिथला दाब त्याला थोपवू शकत नाही. रॅले यांनी १९१६ मध्ये हीच कसोटी सांगितली होती, आणि १९२३ मध्ये जी. आय. टेलर यांनी फिरत्या नळकांड्यांमधील द्रवाच्या बाबतीत गणित आणि प्रयोग यांचा असा मेळ घालून दाखविला की तो आजही नमुनेदार मानला जातो. चिकटपणा ही अस्थिरता काही काळ आवरून धरतो. रेनल्ड्स अंकाला रुंदी व त्रिज्या यांच्या गुणोत्तराच्या वर्गमूळाने गुणले असता येणारा अंक सुमारे ३६ च्या वर गेला की त्याचे बळ अपुरे पडते. त्रिज्या रुंदीच्या शंभरपट असेल, तर रेनल्ड्स अंक अवघा ३६० झाला की प्रवाहाच्या दिशेने लांबलेल्या भोवऱ्यांची रांग उभी राहते.

येथे एक विसंगती पुढे आली. १९२९ मध्ये सी. एम. व्हाइट आणि टेलर यांना आढळले की वेटोळ्या नळीत पाणी सरळ नळीपेक्षा दुपटीहून अधिक रेनल्ड्स अंकापर्यंत प्रक्षुब्ध होत नाही. म्हणजे रुंद पन्हळीत लवकर खळबळ माजविणारी वक्रता नळीत तीच खळबळ लांबविते! वक्रता शांत करते की बिघडविते, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, असे मला वाटते. भोवरा उठणे निराळे आणि प्रवाहाची घडी पूर्ण विस्कटणे निराळे.

मग हे भोवरे स्वतः कसे मोडतात? आपल्या चंद्रशेखरांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात डीन यांचा प्रश्न विस्ताराने मांडला. पण तोही भोवऱ्यांच्या जन्माचा होता. त्यांच्या मोडण्याचे चित्र स्पष्ट होण्यास १९८८ उजाडावे लागले. फिन्ले, केलर व फर्झिगर यांनी संगणकावर दोन प्रकारच्या लहरी दाखविल्या: एकीत भोवरे लांब पल्ल्याने नागमोडी होतात, दुसरीत आखूड पल्ल्याने पिळवटतात. त्याच वर्षी लिग्रानी व निव्हर यांनी रुंदीच्या चाळीसपट उंचीच्या वक्र मार्गात धूर सोडून डीन यांचे भोवरे प्रत्यक्ष पाहिले. छत्र्यांसारखे दिसणारे ते आकार कधी डुलत, तर कधी शेजारचे दोन एकमेकांत विलीन होत. मोडण्याचे मूळ भोवऱ्यांच्या कामातच आहे. ते मंद द्रव एका पट्ट्यात आणि वेगवान द्रव शेजारच्या पट्ट्यात नेऊन ठेवतात. या पट्ट्यांच्या सीमेवर वेगातील फरक इतका तीव्र होतो की तेथूनच नवी लहर उठते.