एका अक्षराचा फरक

आजच्या भागात मदरबोर्डवरच्या एका रिकाम्या जागेची गोष्ट सांगतो.

२००३ साल. किकवी म्हणजे पुणे-सातारा रस्त्यावरचं, भोर तालुक्यातलं आमचं गाव. आबांनी दोन वर्षं दुधाच्या बिलातून पैसे बाजूला टाकले आणि पुण्यातून असेंबल्ड पीसी आणला. सेलेरॉन, १२८ एमबी रॅम. दुकानदार म्हणाला, "सगळं ऑनबोर्ड आहे, पुढे हवं ते वाढवता येईल." मी तेव्हा डिप्लोमाला होतो. थ्रीडी ड्रॉइंग फिरवलं की पडदा अडखळायचा. मग मित्राकडून जुनं एजीपी ग्राफिक्स कार्ड विकत घेतलं, एसटीने गावी आलो, सीपीयू (अख्ख्या डब्याला आम्ही सीपीयूच म्हणायचो) उघडला, तर स्लॉटच नाही! बोर्डवर त्याची पांढरी छापील चौकट होती, टाक्याने बुजवलेली बारीक भोकं होती. वर प्लॅस्टिकचा स्लॉट तेवढा बसवलेला नव्हता.

हे कसं झालं, ते समजायला जरा मागे जावं लागतं. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या बोर्डवर बाहेरचं जोडायला कीबोर्ड आणि कॅसेट यांचीच सोय होती. पडदा, फ्लॉपी, प्रिंटर, सगळ्यांना वेगळं कार्ड, आणि त्यासाठी पाच स्लॉट. महाग प्रकार, पण एखादा भाग बिघडला की तेवढाच बदलायचा. पुढे एकेक कार्ड बोर्डात मुरत गेलं. १९९९ मध्ये इंटेलच्या ८१० चिपसेटने ग्राफिक्स स्वतःच्या पोटात घेतलं आणि एजीपीची वाट बंद केली. २००२ मध्ये ८४५जी आला. त्यात ऑनबोर्ड ग्राफिक्स होतं आणि एजीपीही. त्याच वर्षीच्या ८४५जीव्हीमध्ये एजीपी काढून टाकलेलं. आमच्या बिलावर नुसतं '८४५' लिहिलेलं होतं. पुढची अक्षरं मी बोर्डवर वाचली, तीही नंतर.

आबांनी विचारलं, "म्हणजे बैलगाडी घेतली, पण जू लावायला जागाच नाही?" मी गप्प बसलो. कार्ड निवडताना बोर्ड बघायचा असतो, हे मला कळायला हवं होतं.

उरलेला मार्ग पीसीआयचा. पण पीसीआयचा वेग सेकंदाला १३३ एमबी, तोही सगळ्या कार्डांत वाटून. एजीपी ४एक्सचा हजाराच्या वर. म्हणून तो नाद सोडला. खरा फरक पडला रॅमने. ऑनबोर्ड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधूनच वाटा उचलतं. १२८ ची आणखी एक पट्टी टाकली आणि मशीन मोकळं झालं. ड्रॉइंग तरी अडखळतच राहिलं, पण एकदाचं पूर्ण झालं.

पुढच्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली, टेलिफोनच्या तारेतून आली आणि मोडेम जळाला. मोडेम मात्र पीसीआय कार्डावर होता! काही शे रुपयांत दुसरा बसवला, बोर्ड शाबूत. तोच बोर्डात मुरलेला असता तर आबांचं वर्षभराचं दूध गेलं असतं.

आता माझं मत सांगतो, पटलं नाही तर कळवा. ऑनबोर्डला मी शिव्या देणार नाही. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं, एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी निघाले, ते संगणक स्वस्त झाले म्हणूनच. पाच कार्डांचा पीसी आमच्या घरात आलाच नसता. माझी तक्रार त्या न सांगितलेल्या 'जीव्ही'बद्दल आहे.

पुढे २०११ च्या सँडी ब्रिजपासून ग्राफिक्स प्रोसेसरच्या चिपमध्येच गेलं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तर रॅमही बोर्डला डाकलेली येते. मागच्या दिवाळीत पुतण्याने लॅपटॉप घ्यायचं काढलं. आबा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी ओसरीवरून एवढंच विचारलं, "त्याची रॅम निघते का रे?"