लोकलचा सूर

मुंबईच्या विजेच्या रेल्वेचा इतिहास आपण गाड्यांच्या तारखांनी सांगतो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी पहिली विद्युत गाडी धावली, हे बहुतेकांना ठाऊक असते. मला मात्र या इतिहासाचा खरा धागा डब्याखालच्या पेट्यांत दिसतो. विजेचे रूप पालटणारी यंत्रणा तिथे असते.

सुरुवातीला निवड झाली १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाची. एकदिश मोटर जड गाडी हलवायला उत्तम, पण सुटतानाच तिला पूर्ण दाब दिला तर प्रवाह बेसुमार वाढतो. म्हणून मध्ये रोधक घालायचे आणि वेग येईल तसे एकेक वगळायचे. तोवर त्यांतली वीज नुसती तापून हवेत जाई. पुढच्या स्टेशनात ब्रेक लागला की कमावलेली गतीही घर्षणात संपे. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या लोकलसाठी ही केवढी उधळपट्टी!

घाटात निराळा विचार झाला होता. कल्याण-पुणे मार्गासाठी १९२८च्या सुमारास आलेले ‘खेकडा’ इंजिन उतारावर मोटरचेच जनित्र करी आणि वीज तारेला परत देई. आज हीच गोष्ट नवलाई म्हणून सांगितली जाते, याची गंमत वाटते.

लोकलपर्यंत ही किमया यायला सिलिकॉनची वाट पाहावी लागली. १९५७ साली अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर आणला. तो इशाऱ्यासरशी चालू होई. एकदिश मंडलात बंद करणे मात्र जिकिरीचे. १९८०च्या दशकारंभी त्याच कंपनीत बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी विकसित केला. मद्रासच्या आयआयटीत शिकलेल्या या अभियंत्याचे नाव लोकलच्या प्रवाशाला सहसा माहीत नसते. हा स्विच सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उघडतो, मिटतो. स्पंदांची रुंदी कमीजास्त करत एकदिश विजेतून हव्या त्या वारंवारतेचा त्रिकला प्रवाह घडवता येतो. मग कार्बन ब्रश नसलेली दणकट इंडक्शन मोटर गाडीला जोडता येते. ती मोटर १८८०च्या दशकापासून तयारच होती!

पण स्विच कधी मिटायचा, हे ठरवणार कोण? १९७०च्या दशकारंभी सीमेन्सच्या फेलिक्स ब्लाश्के यांनी मोटरमधले चुंबकत्व आणि ओढ वेगवेगळी आवरण्याची गणिती रीत मांडली. त्यासाठी सेकंदाच्या अगदी लहान अंशात त्रिकोणमिती सोडवावी लागते. स्वस्त आणि वेगवान डिजिटल प्रक्रियक आल्यावरच ती सर्रास वापरात आली.

२००७मध्ये सीमेन्सच्या यंत्रणेच्या जांभळ्या-पांढऱ्या लोकल मुंबईत आल्या. जुना एकदिश आणि नवा २५,००० व्होल्टचा, दोन्ही पुरवठे त्यांना चालत. ३ मेगावॅटसाठी १५०० व्होल्टला २००० अँपिअर लागतात. २५,०००ला सुमारे १२०. पश्चिम रेल्वेवरचे रूपांतर २०१२मध्ये संपले आणि एप्रिल २०१६मध्ये हार्बरवर एकदिश विजेची अखेरची लोकल धावली.

खेकडा इंजिन वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात उभे आहे. जांभळ्या लोकल मोडीत निघतील तेव्हा एखादा डबाही कदाचित असाच जपला जाईल. पण नियंत्रक कार्डातली आज्ञावली? ती वाचणारे संगणकही तोवर राहिलेले नसतील आणि कागदपत्रे कंपन्यांच्या कपाटांत असतील. गाडी सुटताना पायाखालून जो चढता सूर येतो, तो या उघडमिटीचाच. सध्या मी फोनवर तेवढा नोंदवून ठेवतो, स्टेशन आणि तारखेसकट.