श्रवणातून लेखनाकडे : जातककथा आणि पेण-रोह्यातील मुले

रोह्याच्या दक्षिणेस, आजच्या तळा तालुक्यात, मांदाडजवळ कुडा येथे डोंगरात खोदलेल्या २६ लेण्यांचा समूह आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील तेथील ब्राह्मी शिलालेखांत दात्यांची नावे आढळतात. त्यांत माळी आहे, वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. पदुमणिका नावाची प्रव्रजिता आपल्या अंतेवासिनींसह दान देते. महाभोज मांदव खंदपालित याच्या पदरी असलेला शिवभूती पत्नीसह लेणे अर्पण करतो. या शिवभूतीचा व्यवसाय शिलालेखात एका शब्दाने दिला आहे. तो शब्द म्हणजे ‘लेखक’.

ज्या परिसरात लेखकाचा व्यवसाय दगडावर कोरून ठेवण्याइतका मानाचा होता, त्याच परिसरातील शाळकरी मुलास आज ‘निबंध लिही’ असे सांगितले की त्याची लेखणी का अडते? हा प्रश्न पेण आणि रोहा तालुक्यांतील शिक्षकांना नवा नाही. आगरी, ठाकर वा कातकरी घरातील मूल अंगणात तासभर गोष्ट सांगू शकते. वहीपुढे मात्र त्यास दोन वाक्ये सुचत नाहीत. या अडचणीचे मूळ मुलाच्या बुद्धीत नसून लेखन शिकविण्याच्या आपल्या क्रमात आहे, असे आम्हास वाटते. प्रस्तुत लेखात त्या क्रमाचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा आहे.

भाणकांची परंपरा

पालि जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. डॅनिश पंडित फाउसबोल यांनी १८७७ ते १८९६ या काळात त्यांची रोमन लिपीतील आवृत्ती सिद्ध केली. मराठीत दुर्गा भागवत यांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने सात खंडांत त्यांचा अनुवाद केला. परंतु ग्रंथरूप येण्यापूर्वी या कथा कानांवर जगल्या. ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात दीघभाणक, मज्झिमभाणक यांच्या जोडीने जातकभाणकांचाही उल्लेख आहे. जातके मुखोद्गत करून लोकांना ऐकविणे हेच त्यांचे कार्य होते. सिंहली परंपरेनुसार तिपिटक लिपिबद्ध झाले ते इसवी सनपूर्व पहिल्या शतकात. भारहूतच्या कठड्यावर मात्र त्याआधीच जातकांची शिल्पे आणि त्यांची नावे कोरली गेली होती. आधी ऐकणे, मग सांगणे, मग चित्र, आणि सर्वांत शेवटी अक्षर, असा हा क्रम आहे.

जातकाची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. प्रथम ‘पच्चुप्पन्नवत्थु’, म्हणजे कथा कोणत्या प्रसंगी सांगितली गेली तो वर्तमान प्रसंग, नंतर ‘अतीतवत्थु’, म्हणजे मूळ जुनी कथा, मग गाथा, गाथेतील शब्दांचे विवरण, म्हणजे ‘वेय्याकरण’, आणि अखेरीस ‘समोधान’, म्हणजे त्या वेळचा अमुक तो आताचा तमुक, असा जोड. लेखन शिकविणाऱ्यास याहून चांगला आराखडा क्वचितच मिळेल. आज काय घडले, त्यावरून कोणती गोष्ट आठवली, तिचे सार काय, अवघड शब्द कोणते आणि त्या गोष्टीचा आपल्याशी संबंध कोणता, ही पाच पावले दहा वर्षांच्या मुलासही टाकता येतात.

छापील नीतिकथा

मराठीत नीतिकथा छापून आल्या त्या शाळेचे हत्यार म्हणून. तंजावरात सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापच्या कथांचे ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी भाषांतर निघाले. श्रीरामपूर येथील मिशनऱ्यांच्या छापखान्यातून १८१५ साली मराठी ‘हितोपदेश’ बाहेर पडला. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ १८२८ साली प्रसिद्ध झाली. ही कामगिरी थोर होती. मराठी गद्यास सरळ, बांधेसूद वाक्य मिळाले ते बऱ्याच अंशी या पुस्तकांमुळेच.

परंतु शाळेत गोष्टीचा क्रम उलटला. गोष्टीच्या खाली तात्पर्य छापलेले असे, आणि परीक्षेत तेच विचारले जाई. मूल गोष्ट ऐकण्याआधी तात्पर्य पाठ करू लागले. लेखन म्हणजे दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष शुद्ध अक्षरात उतरविणे, ही समजूत येथेच रुजली.

या पुस्तकी वळणाविरुद्ध पश्चिम भारतात एक स्मरणीय प्रयत्न झाला. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी १९३२ च्या सुमारास ‘दिवास्वप्न’ लिहिले. त्यातील शिक्षक वर्गात शिरतो तो गोष्ट घेऊनच. वाचन, लेखन, शिस्त हे सारे गोष्टीच्या मागून येते. भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी असलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांत काम उभे केले. पेण-रोह्याप्रमाणेच तोही भातशेतीचा आणि मोलमजुरीचा कोकणपट्टाच.

ऐकून लिहिल्याने काय घडते याचे एक मोठे उदाहरण पेणशी निगडित आहे. पेण तालुक्यातील गागोदे या गावी १८९५ साली विनोबा भावे जन्मले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी ऐकता ऐकता उतरून घेतली. पुढच्याच वर्षी, १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. ते पुस्तकही एकेका रात्री सांगितलेल्या आठवणींच्या रूपात आहे. एकातून दुसरे निघाले असा आमचा दावा नाही. परंतु मराठीतील दोन अत्यंत वाचली गेलेली पुस्तके बोललेल्या शब्दाच्या इतकी जवळ असावीत, हे शिक्षकाने विसरू नये.

एक कथा, तीन अपराधी

आता एक कथा घेऊ. इसापच्या परंपरेत गाढव स्वतःच सिंहाचे कातडे पांघरते, इतरांना भिववते आणि ओरडताच उघडे पडते. तात्पर्य असे की, सोंग करू नये. पंचतंत्रात धोबी आपल्या गाढवावर वाघाचे कातडे घालून त्यास लोकांच्या शेतात चरावयास सोडतो. गाढविणीचा आवाज ऐकून ते ओरडते आणि मारले जाते. तात्पर्य असे की, बोलण्याने घात होतो.

सीहचम्म जातकात (क्रमांक १८९) कातडे घालणारा आहे व्यापारी. तो गावोगाव माल विकतो आणि उतरला की गाढवावर सिंहाचे कातडे टाकून त्यास भाताच्या, जवाच्या शेतात सोडतो. एके दिवशी गावकरी शस्त्रे घेऊन, शंख फुंकीत, ढोल बडवीत शेताभोवती गोळा होतात. मरणाच्या भयाने गाढव ओरडते. बोधिसत्त्व त्या वेळी शेतकऱ्याच्या कुळात जन्मलेला असतो. तो आवाज ओळखतो. गावकरी गाढवाची हाडे मोडतात आणि कातडे घेऊन जातात. व्यापारी येतो, गाढवाची दशा पाहून एक गाथा म्हणतो, आणि ते मरताच त्यास तेथेच टाकून निघून जातो.

या जातकाचा स्वतःचा रोख कोकालिक भिक्खूवर आहे. अंगी विद्वत्ता नसता तो धर्मपठणास बसला आणि स्वतःच्या आवाजानेच उघडा पडला. परंतु कथा आपल्या तात्पर्याहून मोठी असते. तिन्ही रूपे मुलांना ऐकवून केवळ एवढेच विचारावे की, अपराध कोणाचा? कातडे कोणी घातले? पीक कोणाच्या पोटात गेले, आणि फायदा कोणाचा झाला? मार कोणी खाल्ला? या प्रश्नांना छापील उत्तर नाही. वीटभट्टीवर उचल घेऊन राबणाऱ्या घरातील मुलाचे उत्तर दुकानदाराच्या मुलाच्या उत्तराहून वेगळे येईल. तेच त्याचे पहिले स्वतंत्र लेखन होय.

ही कथा आम्हास शाळेविषयीही काही सांगते. पुस्तकी भाषेचे कातडे मुलाच्या अंगावर शाळाच घालते. ‘रम्य सकाळ’, ‘मंद वारा’ हे शब्द त्याने न पाहिलेल्या घरांतून आणलेले असतात. त्यांतून त्याचा खरा आवाज, कातकरी वा आगरी बोलीतील एखादा शब्द, बाहेर पडला की त्याच्या वहीवर लाल शाईची रेघ उमटते. व्यापाऱ्याची भूमिका शिक्षकाने करावी काय, याचा विचार व्हावयास हवा.

या संदर्भात विनयपिटकातील चुल्लवग्गाची आठवण होते. बुद्धवचन छंदांत, म्हणजे वैदिक वळणाच्या संस्कारित भाषेत बांधावे, अशी विनंती दोन ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्खूंनी केली असता तथागतांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत धर्म शिकण्याची अनुज्ञा दिली. अट्ठकथाकारांनी येथे मागधी भाषा अभिप्रेत मानली आहे. अनेक आधुनिक अभ्यासकांना मात्र ज्याची त्याची बोली हाच अर्थ सरळ वाटतो. आम्ही या दुसऱ्या अर्थाच्या बाजूचे आहोत. प्रमाण मराठी मुलास यावयास हवीच. तिच्यावाचून पुढची दारे उघडत नाहीत. पण ती दुसऱ्या खर्ड्यात यावी, पहिल्या खर्ड्यात नव्हे.

ध्वनिकथेचे स्थान

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडचा सत्याग्रह झाला होता. पुढे रेडिओवरील मुलांचे कार्यक्रम आले, नंतर कॅसेटी आल्या, आणि आज गोष्ट खिशातल्या मोबाईलवर ऐकता येते. साधन बदलले, परंतु काम भाणकाचेच राहिले.

पेण-रोह्यात या साधनास विशेष अर्थ आहे. भाताची कापणी सरली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडण्यास गाव सोडून जातात. पुस्तक शाळेच्या कपाटात राहते. ऐकलेली गोष्ट मुलाबरोबर जाते. म्हणून गोष्ट आधी दोनदा निमूटपणे ऐकवावी. मग मुलांनी ती आपल्या बोलीत एकमेकांस सांगावी. दुसऱ्या दिवशी तिच्यातील एक पात्र निवडून त्याच्या तोंडून ती लिहावी. तात्पर्य शेवटी, आणि तेही मुलाने काढलेले असावे. शुद्धलेखनाची दुरुस्ती त्यानंतर करावी.

जुनी कथा हा साचा आहे आणि साच्यातून सर्वांचे लेखन एकसारखेच निघेल, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर पेणच्या गणपती कारखान्यांत आहे. तेथे शेकडो मूर्ती एकाच साच्यातून निघतात. पण डोळ्यांची आखणी हातानेच करावी लागते, आणि मूर्ती सजीव वाटते ती त्या आखणीमुळे. पंचतंत्र, इसाप, जातक हे साचे आहेत. डोळे मुलाने आखावयाचे आहेत.

आमच्या विहारांतून रविवारी बालवर्ग भरतात. तेथे वंदनेनंतर एक जातक ऐकविले जाते आणि मुले घरी जातात. यापुढे त्यांच्या हाती वही द्यावी आणि अर्धा तास अधिक थांबवावे, एवढीच आमची सूचना आहे. मुलांनी लिहिलेले जपूनही ठेवावे. कुड्याच्या लेखकाचे नाव आपणास ठाऊक आहे ते कोणीतरी कोरून ठेवले म्हणूनच.