गाडीच्या दारावरची पाच बटणं

अमेरिकेत रस्त्याकडेला उभ्या असलेल्या फोर्ड किंवा लिंकन गाड्यांच्या ड्रायव्हरच्या बाजूला नीट पाहिलं, तर बऱ्याचदा पाच बटणांची एक पट्टी दिसते. पहिल्या बटणावर १ आणि २, दुसऱ्यावर ३ आणि ४, असं करत शेवटच्यावर ९ आणि ०. पाच आकडे दाबायचे, दार उघडतं. किल्ली लागत नाही. ही पट्टी पहिल्यांदा १९८०च्या मॉडेलांवर आली: फोर्ड थंडरबर्ड, मर्क्युरी कूगर आणि लिंकनच्या मोठ्या गाड्या. तेव्हा मोबाइल नव्हते आणि गाड्यांमध्ये मायक्रोप्रोसेसर नुकते कुठे शिरत होते. त्यानंतर गाडी उघडण्याच्या कितीतरी हुशार पद्धती आल्या. तरी मला सगळ्यात जास्त भरवसा या पट्टीचा वाटतो. तो का, हे सांगण्यासाठी थोडा इतिहास आणि थोडा हिशोब करावा लागेल.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. गाड्यांशी माझा संबंध चालवण्यापुरता. या विषयात पडलो तो दादाच्या वॅनमुळे. दादा-वहिनी डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहतात. त्यांची वॅन जुनी, दुसऱ्याच कंपनीची, कीपॅड वगैरे काही नसलेली. गेल्या उन्हाळ्यात किराणा दुकानाबाहेर वहिनीने दोन वर्षांच्या पुतणीला कारसीटमध्ये बसवलं, रडू नये म्हणून किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला आणि दार लावून ती मागे सामान ठेवायला गेली. पुतणीने रिमोटचं बटण दाबलं. सगळी दारं बंद. उन्हात उभ्या गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे दहा अंश सेल्सिअसने वाढू शकतं. पोलीस लवकर आले, दाराच्या फटीत पाचर घालून त्यांनी गाडी उघडली आणि सगळं निभावलं. त्या रात्री दादा मला म्हणाला, "मला किल्लीशिवाय दार उघडायचा रस्ता पाहिजे. तू येणारच आहेस, तर बसवून दे."

किल्लीशिवाय दार उघडणं शक्य झालं ते कुलपात वीज आल्यामुळे. पॅकार्ड कंपनीने १९५६च्या गाड्यांत विजेवर चालणारी दारांची कुलपं दिली. तेव्हा ती श्रीमंती हौस होती. कुटुंबाच्या गाडीत तिची खरी गरज निर्माण झाली ती मिनीव्हॅनमुळे. १९८३च्या अखेरीस क्रायस्लरने डॉज कॅरव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर बाजारात आणल्या, आणि बघता बघता मुलंबाळं असलेल्या अमेरिकन घरांची ती ठरलेली गाडी झाली. बाजूचं सरकतं दार, मागचं उचलायचं दार, आत सात माणसं, आणि कडेवर मूल असलेली आई. प्रत्येक दाराशी जाऊन किल्ली फिरवणं तिला कसं जमणार? एका बटणाने सगळी दारं उघडणं हीच मग रीत झाली.

एकदा कुलूप विजेवर चालायला लागलं की दार उघडणं म्हणजे अर्धा सेकंद योग्य तारेत योग्य संदेश पाठवणं, एवढंच उरतं. दादाच्या वॅनमध्ये दारावरचं बटण दाबलं की एक बारीक तार क्षणभर 'अर्थ'ला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडली जाते. आतला कंट्रोलर ते ओळखून मोटरी फिरवतो. मला करायचं होतं ते इतकंच की बरोबर आकडा दाबला गेला, तर तीच तार क्षणभर तशीच जोडली जावी. त्यासाठी मध्ये एक रिले लागतो. रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे छापलेले असतात. हे आकडे जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ या मानकातले. ८५ आणि ८६ मध्ये वीज गेली की आतलं वेटोळं चुंबक बनतं आणि ३० व ८७ एकमेकांना जोडले जातात. पुण्याच्या नाना पेठेत रिले मागा, त्याच्यावरही हेच आकडे सापडतील.

कष्टाचं काम वेगळंच होतं. दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक लवचीक रबरी नळी असते. तिच्यातून चार नव्या तारा ओवायच्या. दार दिवसातून वीस वेळा उघडतं-मिटतं, तेव्हा तारा ताणल्या जाऊ नयेत म्हणून थोडी ढील ठेवायची. बॅटरीकडून येणाऱ्या तारेला अगदी सुरुवातीलाच फ्यूज लावायचा, म्हणजे पुढे कुठे साल निघून ती पत्र्याला टेकली, तर आग लागायच्या आधी फ्यूज उडेल. यात आमचा अख्खा शनिवार गेला.

कीपॅड मी मुद्दाम त्या जुन्या पाच बटणांच्या घडणीचा घेतला. आता हिशोबाकडे येतो. बटणांवर दहा आकडे छापलेले असल्यामुळे पाच आकडी कोड एक लाख असतील असं वाटतं. पण कीपॅडला १ आणि २ यांतला फरक कळत नाही, बटण एकच. म्हणून खरे कोड ५ चा पाचवा घात, म्हणजे ३१२५. एकेका खऱ्या कोडला ३२ वेगवेगळे मुखवटे आहेत. १३५७९ आणि २४६८० हे कुलपाच्या लेखी एकच.

चोराने सगळे ३१२५ कोड ओळीने दाबायचे ठरवले, तर १५,६२५ वेळा बटण दाबावं लागेल. सेकंदाला एक धरलं तर चार तासांहून जास्त. पण कुलूप फक्त शेवटची पाच बटणंच पाहत असेल, तर पळवाट आहे. १-३-५-७-९-१ अशी सहा बटणं दाबली की त्यात दोन कोड येऊन जातात: १३५७९ आणि ३५७९१. असे एकमेकांत गुंफलेले कोड ओळीने मांडले, तर ३१२९ दाबण्यांत सगळे संपतात. बावन्न मिनिटांचं काम.

अशा मांडणीला डी ब्रुइन यांचा अनुक्रम म्हणतात. फिलिप्समधले एक इंजिनिअर पोस्थुमस यांनी अशा किती मांडण्या असू शकतात याबद्दल अंदाज बांधला होता, आणि निकोलास डी ब्रुइन या डच गणितज्ञाने तो १९४६ साली सिद्ध केला. पुढे कळलं की फ्रान्समध्ये फ्लाय सेंत-मारी यांनी हे १८९४ सालीच सोडवलं होतं. डी ब्रुइन यांनी १९७५ साली स्वतः लेख लिहून त्यांचा मान त्यांना दिला.

हे सगळं मी दादाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद मांडून समजावत होतो. आई तेव्हा तिथेच होती, सहा महिन्यांसाठी आलेली. शाळेत मराठी शिकवण्यात तिची तीस वर्षं गेली. ती म्हणाली, "यात नवीन काय? आम्ही वृत्तांचे गण असेच शिकवायचो की."

तिचं खरं होतं. 'यमाताराजभानसलगा' आपल्यापैकी अनेकांनी घोकलेलं असतं. लघु आणि गुरू अशा दोनच प्रकारांतून तीन-तीन अक्षरांचे आठ गण होतात. सुटे लिहिले तर चोवीस अक्षरं लागतील. या सूत्रात दहा पुरतात, कारण प्रत्येक गण आधीच्या गणाची दोन अक्षरं घेऊन पुढे सरकतो. 'यमाता' हा य गण, 'मातारा' हा म गण, 'ताराज' हा त गण, असं 'सलगा'पर्यंत. आठ अधिक दोन, दहा. ३१२५ अधिक चार, ३१२९. छंद पाठ करायची युक्ती आणि कुलूप फोडायची युक्ती यांचं गणित एकच.

फोर्डने यावर उपाय केला होता. त्यांच्या मालकपुस्तिकांत लिहिलेलं असतं की सात वेळा, म्हणजे ओळीने ३५ बटणं चुकीची दाबली गेली, तर कीपॅड एक मिनिट बंद पडतो. म्हणजे ३१२९ दाबण्यांत नुसत्या थांबण्याचाच जवळपास दीड तास. एवढा वेळ गाडीशी उभं राहण्यापेक्षा चोर काच फोडेल.

आता हुशार पद्धतींकडे पाहू. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रेनॉने फुएगो या गाडीला इन्फ्रारेड रिमोट दिला. मग रेडिओ रिमोट आले. त्यांचा संदेश हवेतून टिपून पुन्हा वाजवता येत असे, म्हणून प्रत्येक वेळी बदलणारे कोड आले. त्यातली कीलॉक ही दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली पद्धत असंख्य गाड्यांत गेली. ती २००७-०८मध्ये बेल्जियम, इस्राएल आणि जर्मनीतल्या संशोधकांनी फोडून दाखवली. पुढे खिशातून काढावीही न लागणारी किल्ली आली. २०११ साली झुरिकच्या ईटीएचमधल्या तिघांनी आठ कंपन्यांची दहा मॉडेलं तपासली. एक अँटेना किल्लीजवळ, दुसरी गाडीजवळ, आणि दोन्हींमध्ये संदेश पुढे ढकलणारी जोडणी. किल्ली घरात असताना दहाही गाड्या उघडल्या आणि सुरूही झाल्या.

या पद्धती बनवणारी माणसं माझ्यासारखीच, माझ्याहून हुशार. पण त्यांच्या कुलपाची ताकद किती, हे गाडीच्या मालकाला कळायला कुठलाच मार्ग नाही. बातमी येईल तेव्हाच कळतं. पाच बटणांचा दुबळेपणा मात्र आई कागदावर मोजू शकते. तिने मोजलाही. मी म्हटलं होतं, की सतत दाबून बटणं झिजतात आणि कोणती वापरली ते दिसतं. पाचही एकेकदा वापरली असतील, तर शक्य कोड १२० उरतात. तीनच झिजलेली दिसली तर १५०. चार दिसली, म्हणजे एक दोनदा दाबलेलं, तर २४०. आई म्हणाली, "मग चारच घे." चार घेतली.

शिवाय कीपॅड फक्त दार उघडतो. इंजिन सुरू करायला किल्ली लागतेच.

वॅन यामुळे जास्त सुरक्षित झाली, असं मी म्हणणार नाही. तिच्यात शिरायचा एक रस्ता वाढला. रिमोटही आहेच, त्याचे धोकेही आहेत. कोड आज पाच जणांना माहीत आहे: दादा, वहिनी, आई, मी आणि शेजारच्या एक बाई. आई सातारला परतली, तरी तिच्याकडून काही परत मागावं लागलं नाही. शेजारी बदलले तर दादा दोन मिनिटांत आकडा बदलेल. आणि पुतणी किल्ल्या घेऊन पुन्हा आत अडकली, तर बाहेर जो कोणी उभा असेल त्याच्या खिशात काही असायची गरज नाही. वहिनीने त्याला फोनवर पाच आकडे सांगितले की पुरे.