मेलेल्या बैलाचं काय करायचं?

पाचाडात उभं राहून मान वर केली की रायगडाचा कडा अंगावर येतो. पर्यटकाचा पहिला प्रश्न ठरलेला: टकमक टोक कुठलं? तिथून गुन्हेगारांचा कडेलोट करायचे, हे त्याला गाइडनं आधीच सांगितलेलं असतं. खाली पडलेल्याचं पुढं काय व्हायचं, हे मात्र कोणी विचारत नाही. आमचे आजोबा न विचारताच सांगायचे, "गिधाडं होती ना." मे १८१८ मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला, राज्य संपलं, गिधाडं होती तिथंच राहिली. त्यांचा शिधा गुन्हेगारांवर चालत नव्हता, आमच्या गुरांवर चालत होता.

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरी केली. सरकारी कागदावर पद व्रणोपचारक, लोकांच्या तोंडी 'ढोरांचा कंपाउंडर'. बैलाला पाडून धरायचं, खांदेसुजीवर मलमपट्टी करायची, पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याच्या लशीची पेटी खांद्याला लावून वाड्या चढायच्या. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे जंगलाचा इतिहास मला गोठ्याच्या बाजूनं दिसतो.

रानाच्या इतिहासात मधोमध वाघ उभा करायची पद्धत आहे. १९५५ साली ताडोबा राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते वाघाचं रान म्हणूनच नावाजलं. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला कर्नाळा (१९६८) आणि फणसाड (१९८६) ही अभयारण्यं आली, तीही इथून लांब. पाचाडच्या खिंडीजवळ वाघबीळ नावाची गुहा आहे. आजची पोरं तिला 'गन्स ऑफ पाचाड' म्हणतात आणि आत बसून फोटो काढतात. वाघ गेला, बीळ राहिलं. तेव्हा इथल्या रानाचा इतिहास लिहायचा तर मी मधोमध मेलेला बैल ठेवीन.

बैल मेला की त्याचं काय करायचं, हे शेकडो वर्षं या भागात जातीनं ठरवून ठेवलेलं होतं. मालकानं वर्दी द्यायची, महारांनी येऊन ढोर ओढायचं. ते त्यांच्यावर लादलेलं काम होतं, आणि मोबदला म्हणून कातडं आणि मांस. कातडं उतरवलं की उरलेलं गावाबाहेर. तिथं गिधाडं आणि कोल्हे. सोललेलं ढोर गिधाडाला सोपं जातं, कारण जाड कातडं फाडायला त्याची चोच तितकी बळकट नसते. म्हणजे गावाची स्वच्छता दोघांच्या जिवावर चालायची, आणि दोघांनाही गाव शिवत नसे. एकाला माणूस असून, दुसऱ्याला पाखरू म्हणून.

मग १९२७ साल आलं. इथून पंचवीसेक किलोमीटरवर, महाडात, १९ आणि २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्यावरचा मोर्चा सगळ्यांना माहीत आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस खाणं सोडा असं बजावून सांगितलं, आणि स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरं आपणच पुरावीत अशी मागणी ठरावात आली, हे फार कमी लोकांच्या लक्षात असतं. त्यापुढच्या वर्षांत, आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर तर पक्केपणानं, बौद्धवाड्यांनी ढोर ओढणं सोडलं. सोडलं ते चांगलंच केलं. आमच्या आळीतले काही म्हातारे त्यावर बराच काळ कुरकुरत होते. त्यांना बैलाच्या पायाला दोर बांधायची वेळ पहिल्यांदाच आली होती, इतकाच त्या कुरकुरीचा अर्थ.

आता आमचे आम्हीच ढोर ओढायला लागलो, पण पुरायचे कष्ट कोण घेणार? जांभ्या-काळ्या दगडात बैलाएवढा खड्डा खणणं म्हणजे चार गड्यांचा दिवस. त्यामुळे ठरावातलं 'आपणच' पाळलं गेलं, 'पुरावीत' राहून गेलं. चार घरचे चार गडी, पायांना काथ्याचा दोर, मधून वासा घालून ढोर उतारावरच्या जागेवर नेऊन टाकायचं आणि नदीवर आंघोळ करून घरी यायचं. पुढचं काम वरून यायचं.

ते मी पोरपणी जवळून पाहिलेलं आहे. आधी कावळे येतात, डोळ्यांपाशी चोच मारून बघतात. गिधाड घाई करत नाही. उंचावर एक घिरटी घालतं, लांबचं दुसरं त्याला बघतं, त्याला तिसरं, असं करत आभाळाच्या कानाकोपऱ्यातून गोळा होतात. उतरताना पाय खाली सोडून येतात तेव्हा पंखांचा घूं-घूं आवाज अंगावर येतो. न सोललेलं ढोर असलं तर सुरुवात शेपटीखालून. पिसं नसलेली लांब मान थेट आत जाते आणि रक्तानं माखून बाहेर येते. म्हणूनच मानेला पिसं नाहीत हे मला नोकरीत कळलं, तेव्हा नुसती किळस आली होती. भांडण, फिसफिस, पंखांची झोडपाझोडपी. मोठा थवा असला तर तासाभरात सांगाडा उघडा. गळ्याची पिशवी टम्म फुगलेलं पाखरू मग उडूच शकत नाही. उतारावर टणाटण उड्या मारत जातं, लग्नात जास्त जेवलेल्या व्याह्यासारखं. आम्ही पोरं मागं लागलो की ते खाल्लेलं ओकायचं, हलकं व्हायचं आणि उडायचं. त्या जागेला वास दोन दिवसांच्या वर कधी राहिला नाही. गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की काळपुळीचे जंतूही त्यात सहसा टिकत नाहीत.

आमच्याकडे गिधाडं दोन प्रकारची. लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत घरटं करतं. सह्याद्रीच्या मुख्य रांगेला टेकलेल्या नानेमाचीचा कडा त्याचा. दुसरं पांढऱ्या पुठ्ठ्याचं, त्याला घरट्याला उंच, जुनं झाड लागतं. आणि जुनं झाड ही आमच्याकडे कायम भांडणाची गोष्ट. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम आहेत: साग वगैरे परवानगीनं तोडा, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, ती झाडं वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत. हुकूम काढावा लागला, याचा अर्थ कुऱ्हाड चालत होती. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्यानं राखीव जंगलं आखली आणि राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडण्यावरून ठाणे-कुलाब्यात इतका ओरडा झाला की सरकारला चौकशीला आयोग बसवावा लागला. त्यानंतर कोळशाच्या भट्ट्या. कातकऱ्यांनी उपाशीपोटी भट्ट्या लावल्या, मुंबईच्या शेगड्या पेटल्या, पैसा मधल्यामध्ये राहिला. मोठी झाडं उरली ती देवराईत आणि ज्यांच्या मालकांचं एकमेकांशी पटत नव्हतं अशा सामाईक जमिनीत. भाऊबंदकीनं महाड तालुक्यात वनखात्याइतकीच झाडं वाचवली, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. पण सातबाऱ्यावर वीस नावं असलेल्या जमिनीतला आंबा तोडून दाखवा.

तरीही गिधाडं गेली ती झाडांमुळे नव्हे. १९९० नंतर दवाखान्यांत आणि औषधाच्या दुकानांत डायक्लोफिनॅक आलं. रबरी बुचाची बाटली, स्वस्त, आणि गुण असा की जेवणीला लंगडत आलेला बैल संध्याकाळी चालत जायचा. ऐन लावणीत बैल बसला तर शेतकऱ्याचं वर्ष बसतं, तेव्हा तो हेच इंजेक्शन मागणार. खासगीत फिरणारे सुई मारणारेही हेच मारायचे. म्हाताऱ्या, मरायला टेकलेल्या जनावरालाही, निदान वेदना तरी कमी होतील म्हणून. घोटाळा तिथंच होता. सुई दिल्यावर एक-दोन दिवसांत जनावर मेलं तर औषध काळजात, मूत्रपिंडात राहतं. ते खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड बंद पडतं आणि आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा चुन्यासारखा थर चढतो. पाखरू मान खाली टाकून बसतं आणि फांदीवरून पडतं. शंभरात एखादं ढोर असं असलं तरी पुरे, कारण एका ढोरावर अख्खा थवा जेवतो.

गिधाडं घटताहेत हे आधी राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांच्या मोजणीत दिसलं. कारण सापडायला २००४ उजाडलं. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून ते सिद्ध केलं. २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांचा आकार ३ मिलिलिटरवर आणावा लागला. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांचं देशात काय झालं होतं? १९९२ ते २००७ या काळात हजारातलं एखादं उरलं होतं.

बंदी आली तरी आमच्याकडे थवे परतले नाहीत, कारण तोवर ताटच उचललं गेलं होतं. पोरं मुंबईला गेली, बैलजोड्या विकल्या गेल्या, वाफ्यात पॉवर टिलर आला. २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियानं सुरू झाली, गावाबाहेर उघडं ढोर दिसणं गावाला लाजिरवाणं वाटू लागलं आणि जेसीबी मिळायला लागल्यावर खड्डाही सोपा झाला. १९२७ च्या ठरावातलं 'पुरावीत' अखेर अंमलात आलं, तेही यंत्रानं. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते. त्या पिल्लाला उन्हाळ्यात दोन दिवस भरवलं नाही की ते अशक्त होऊन घरट्यातून खाली येतं.

महाडच्या प्रेमसागर मेस्त्री यांच्या सीस्केप संस्थेनं नेमकी हीच गोष्ट धरली. नानेमाचीला आणि म्हसळा तालुक्यातल्या चिरगावला गावांना आणि वनखात्याला बरोबर घेऊन त्यांनी मेलेली जनावरं गोळा करून गिधाडांना घालायची व्यवस्था बसवली, पडलेली पिल्लं उचलून वाढवली, घरट्यांच्या झाडांवर राखण ठेवली. ऐकायला साधं वाटतं. पण गावोगावच्या माणसांना 'तुमचं मेलेलं ढोर पुरू नका, आम्हाला कळवा' हे पटवायचं म्हणजे किती उंबरे झिजवायचे, हे मी सांगू शकतो. लशीसाठी मीही झिजवलेत. वाळणकोंडीच्या डोहातल्या माशांचं बरं आहे. तिथं वरदायिनी आहे, काळ नदीतल्या त्या माशांना कोणी जाळं लावत नाही, उलट चुरमुरे टाकतात. गिधाडाला पदरात घ्यायला कुठली देवी पुढं येणार? संस्थेनं माणसं तयार केली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं श्रीवर्धन-म्हसळ्यातली झाडं आडवी केली, घरट्यांची झाडंही त्यात गेली. तरी काम सुरू राहिलं.

गिधाडं नसली की काय होतं, ते जुलै २०२१ च्या पुरानंतर महाडात दिसलं. चिखलात फुगलेली ढोरं आणि भोवती कुत्री. पूर्वी अशा वेळी आभाळ काळं झालं असतं. ईयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला: गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख माणसं जास्त मेली, घाण पाण्यानं आणि कुत्र्यांच्या चाव्यानं. आकडा थोडा इकडे-तिकडे असेल, पण रेबीजच्या लशीसाठी महाडला धावणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे मला तो अवाच्या सवा वाटला नाही.

हल्ली पाचाड-हिरकणीवाडीत कुणाचं ढोर मेलं की मला फोन येतो. मी निवृत्त झालोय हे लोकांना पटत नाही. माझा पहिला प्रश्न एकच: गेल्या आठवड्यात कुठली सुई दिली होती? मेलॉक्झिकॅम असेल तर चालतं. केटोप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक असेल तर नाही. त्या दोन्हींवर २०२३ मध्ये बंदी आली, तरी कुणाच्या घरात काय पडलेलं असेल सांगता येत नाही. बाटली दाखवा म्हणतो, कारण रंगावरून औषध सांगणारे फार.

मागच्या भाद्रपदात शेजारच्यांचा बैल उतारावरून घसरून मेला. सुई कुठलीच नव्हती, ढोर एकदम चोख. नानेमाचीकडे पाठवायचं ठरलं. पिकअपवाला आला, मागं बघितलं आणि म्हणाला, "काका, उद्या मला गणपती आणायचाय याच गाडीतनं. मेलेलं ढोर कसं भरू?" मी त्याला आज्ञापत्रापासून अर्थशास्त्रापर्यंत सगळं ऐकवलं. तो शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी शेजारीणबाईंनी मध्ये पडून सौदा केला. भाडं ठरलं तेवढं, गाडी धुण्याचे दोनशे वेगळे, वर गोमूत्र शिंपडायचं तिनं स्वतः. बैल गेला.